गंबोरो : मेलेल्यांपेक्षा वाचलेल्यांची चिंता

ब्रॉयलरच्या शेडमध्ये तिसरा-चौथा आठवडा तसा निवांत असतो. ब्रूडरची ऊब सांभाळण्यासाठीचे रात्रीचे जागरण संपलेले असते. पिल्लांनी अंग धरलेले असते. रोज खाद्याची किती पोती रिकामी होतात, यावरून वजनाचा अंदाज बांधता येतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्या सकाळी काही पक्षी पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेले दिसतात. पांढरट, पाण्यासारखी हगवण होते. काही पक्षी स्वतःच्याच शेपटीखाली चोच मारत राहतात. चालताना पाय थरथरतात. मग मरतूक सुरू होते, दोन-तीन दिवसांत ती वाढत जाते आणि साधारण आठवडाभरात जशी आली तशी ओसरते.

साताऱ्यातील माण-खटाव किंवा सांगलीतील खानापूर, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत कोंबडीपालन हा अनेक घरांचा आधार आहे. विटा परिसर तर अंड्यांच्या व्यवसायासाठी ओळखला जातो. अनेकांचे पालन करारावर चालते. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि कष्ट शेतकऱ्याचे. मोबदला किलोमागे मिळतो. त्यामुळे मेलेला प्रत्येक पक्षी वहीत लिहिला जातो. मरतूक थांबली की शेतकरी सुटकेचा निःश्वास टाकतो. ‘गंबोरो येऊन गेला, शंभरेक गेले, बाकीचे वाचले,’ असा हिशेब मांडला जातो.

पण विषाणूशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब अर्धवट आहे. गंबोरो रोगाचे मोठे नुकसान मेलेल्या पक्ष्यांत नसते, वाचलेल्या पक्ष्यांत असते. ते वहीत येत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसण्यासाठी पक्ष्याच्या शेपटीजवळ दडलेल्या, बोराएवढ्या एका अवयवाची ओळख करून घ्यावी लागते.

शेपटीजवळची पिशवी

कोंबडीच्या विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला, आतून, एक छोटी पिशवी असते. तिचे नाव ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’. इटलीतील पादुआ विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन केले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे हे त्यांचेच विद्यार्थी. फॅब्रिशियस यांच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे वर्णन आहे. ही पिशवी कोंबड्याचे वीर्य साठवण्यासाठी असावी, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा होता. पण खरे काम काय, हे पुढची सव्वातीनशे वर्षे कोणालाच कळले नाही.

ते कळले अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात, तेही जवळजवळ अपघाताने. ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पिल्लांची बर्सा शस्त्रक्रियेने काढून पुढे काय होते, ते पाहत होता. पिल्ले व्यवस्थित वाढत होती. काहीच फरक दिसेना. त्याच सुमारास टिमथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचे होते: कोंबडीला जंतूंचे घटक टोचले की तिच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. त्याने ग्लिककडचे पक्षी घेतले. प्रात्यक्षिक फसले. काही पक्ष्यांत प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. नोंदी तपासल्या, तेव्हा हे बर्सा काढलेले पक्षी निघाले. हे संशोधन १९५६ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात छापून आले आणि सुरुवातीला त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९६५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवरच प्रयोग करून दाखवले की शरीराच्या संरक्षणाच्या दोन स्वतंत्र फळ्या असतात. एक थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशींची, दुसरी बर्सात तयार होणाऱ्या पेशींची. आज आपण ज्यांना ‘टी पेशी’ आणि ‘बी पेशी’ म्हणतो, त्या याच. कोरोनाच्या काळात लशीच्या बातम्यांत आपण सर्वांनी ‘बी पेशी’ हा शब्द वाचला. त्यातील ‘बी’ हे अक्षर आले कोंबडीच्या बर्सावरून. माणसाला बर्सा नसते. आपल्या बी पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात आणि मज्जेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरही योगायोगाने तेच आहे.

पिल्लासाठी बर्सा ही एक शाळा आहे. पिल्लू अंड्यात असतानाच कच्च्या पेशी इथे दाखल होतात. शत्रू ओळखण्यासाठी लागणारी विविधता त्यांच्यात इथेच घडते. अंड्यातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे ही शाळा भरात असते. तयार झालेल्या पेशी रक्तातून शरीरभर पसरतात. पक्षी वयात येईपर्यंत बर्सा आक्रसत जाते, कारण तोवर तिचे काम झालेले असते. शाळेचे दिवस मोजकेच. त्यात जे शिकून झाले, तीच आयुष्यभराची पुंजी.

गंबोरोचा विषाणू नेमका या शाळेवर घाला घालतो.

तासातासाचा घात

गंबोरो हे अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील एका छोट्या गावाचे नाव. १९६२ मध्ये कॉसग्रोव्ह या शास्त्रज्ञाने त्या परिसरातील कोंबड्यांमधील या नव्या रोगाचे वर्णन केले. मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडे सुजलेली दिसत असल्याने त्यांनी सुरुवातीला त्याला मूत्रपिंडाचा रोग मानले. खरे लक्ष्य बर्सा आहे, हे नंतर उलगडले. भारतात या रोगाची नोंद १९७१ मध्ये झाली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात याच विषाणूचा अतितीव्र प्रकार आढळला आणि नव्वदच्या दशकात तो भारतातही पोहोचला. अंड्यांच्या जातीच्या पिल्लांत या प्रकाराने निम्म्याहून जास्त पक्षी दगावू शकतात. ब्रॉयलरमध्ये मरतूक त्या मानाने कमी असते.

विषाणू पोटात जातो तो दूषित खाद्य, पाणी किंवा तुसातून. पुढचा प्रवास थक्क करणारा आहे. चार-पाच तासांत तो आतड्याच्या भिंतीतील पेशींत आणि यकृतात सापडतो. साधारण अकराव्या तासाला तो बर्सात पोहोचतो. तेथे त्याला हवे ते खाद्य भरपूर मिळते: अजून पूर्ण तयार न झालेल्या, सतत विभाजन पावणाऱ्या बी पेशी. त्यांच्यात तो भराभर वाढतो आणि बाहेर पडताना त्यांना मारून टाकतो. सोळाव्या तासाच्या सुमारास विषाणूंची दुसरी, मोठी लाट रक्तात उतरते.

तिसऱ्या दिवशी बर्सा सुजू लागते. चौथ्या दिवशी तिचे वजन जवळपास दुप्पट होते आणि तिच्याभोवती पिवळसर, चिकट द्रव साचतो. अतितीव्र प्रकारात ती आतून रक्ताळते. अशा पक्ष्याचे शवविच्छेदन केले, तर पांढुरक्या बर्साऐवजी पिकलेल्या काळ्या द्राक्षासारखा गोळा हाती येतो. मांडीच्या आणि छातीच्या स्नायूंवर रक्ताच्या रेघोट्या दिसतात. पाचव्या दिवशी सूज उतरते, पण ती बरे झाल्याची खूण नसते. बर्सा आक्रसतच जाते आणि आठव्या दिवशी मूळ वजनाच्या साधारण एक तृतीयांश उरते. सूक्ष्मदर्शकाखाली, जिथे बी पेशींची दाटी असायला हवी, तिथे मेलेल्या पेशींचा कचरा, पोकळ्या आणि भरावाचे तंतू दिसतात.

या विध्वंसाला एकटा विषाणू जबाबदार नसतो. त्याला रोखायला टी पेशी बर्सात धावून येतात. त्या विषाणूला आवर घालतात, पण त्यांनी सोडलेल्या दाहकारक द्रव्यांनी आसपासचे ऊतकही होरपळते आणि बर्सा सावरायला वेळ लागतो. आणखी एक जुना प्रयोग बोलका आहे. ज्या पक्ष्यांची बर्सा आधीच काढलेली होती, ते हा विषाणू टोचूनही आजारी पडून मेले नाहीत. घातक आजार उभा राहतो तो बर्साच्या आधारानेच.

न दिसणारे नुकसान

आता वाचलेल्या पक्ष्यांकडे पाहू. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात लागण झाली, तर वर सांगितलेली लक्षणे दिसतात. पहिल्या तीन आठवड्यांत लागण झाली, तर बहुधा काहीच दिसत नाही. हगवण नाही, मरतूक नाही. शेतकऱ्याला गंबोरो येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. पण शाळा अगदी सुरुवातीच्या दिवसांतच उद्ध्वस्त झाल्याने अशा पिल्लांची प्रतिकारशक्ती सर्वांत जास्त खचते.

त्याचा फटका दुसऱ्याच रोगाच्या नावाने बसतो. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, हा कोंबड्यांचा जुना वैरी. त्यावर चांगली लस आहे आणि बहुतेक शेतकरी ती पहिल्या आठवड्यात देतात. पण लस म्हणजे संरक्षण नव्हे, संरक्षण तयार करण्याची सूचना. ती सूचना ऐकून प्रतिपिंडे बनवायची ती बी पेशींनी. त्याच नसतील, तर लस वाया जाते. गंबोरोची लागण झालेल्या पिल्लांत राणीखेतच्या लशीला पुरेसा प्रतिसाद मिळत नाही, हे ब्रिटिश संशोधकांनी १९७२ मध्येच दाखवले होते. शेतकरी मात्र म्हणतो, ‘लस देऊनही मानमोडी आली, लसच बोगस होती.’ लशीत खोट असूही शकते. पण अनेकदा खोट लशीत नसते, लस घेणाऱ्या पक्ष्यात असते.

एरवी निरुपद्रवी राहणारे जंतूही अशा कळपात डोके वर काढतात. ई-कोलाय हा जिवाणू प्रत्येक शेडमध्ये असतो. प्रतिकारशक्ती खचलेल्या पक्ष्यांत तो श्वसनमार्गातून शिरून हृदय आणि यकृतावर पांढरे आवरण चढवतो. मग प्रतिजैविके सुरू होतात. एका औषधाने भागले नाही की दुसरे, मग तिसरे. इथे कोंबडीचा प्रश्न आपल्या दाराशी येतो. शेडमध्ये औषधांना सरावलेले जिवाणू शेडपुरते राहत नाहीत. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा जनावरांत आणि कोंबड्यांत वापर करण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच काळजीपोटी. गंबोरोपासून पिल्लांचे वेळेवर रक्षण झाले, तर पुढच्या अनेक औषधांची गरजच पडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गंबोरोचा विषाणू माणसाला होत नाही. त्याचा बर्ड फ्लूशी काही संबंध नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि २०२०च्या सुरुवातीला कोरोनाविषयी अफवा पसरल्या, तेव्हा कोंबडीचे दर कसे कोसळले, हे सर्वांना आठवत असेल. गंबोरोच्या बातमीने कोणी अंडी किंवा शिजवलेले चिकन टाळण्याचे कारण नाही.

आईची शिदोरी आणि लशीची वेळ

मग उपाय काय? या रोगावर औषध नाही, लस आहे. पण ती केव्हा द्यायची, हा खरा पेच आहे.

पिल्लू रिकाम्या हाताने जन्माला येत नाही. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे अंड्याच्या बलकात उतरतात आणि तेथून पिल्लात येतात. ही आईने बांधून दिलेली शिदोरी. म्हणूनच पिल्ले देणाऱ्या मातृपक्ष्यांना अंड्यावर येण्याआधी गंबोरोची लस टोचतात. शिदोरी पहिले काही दिवस पिल्लाला राखते, पण ती दिवसेंदिवस आटत जाते. ब्रॉयलरमध्ये साधारण साडेतीन दिवसांत ती निम्मी होते.

अडचण अशी की हीच शिदोरी लशीच्या विषाणूलाही मारते. लस लवकर दिली, तर आईची प्रतिपिंडे तिला निष्प्रभ करतात. उशिरा दिली, तर शेडमध्ये दबा धरून बसलेला खरा विषाणू आधी पोहोचतो. एक उदाहरण घेऊ. समजा एका पिल्लाची शिदोरी ६४०० एकके आहे, दुसऱ्याची ८००. आणि लस लागू पडायला ती ५०० च्या खाली यायला हवी. दुसरे पिल्लू तिसऱ्याच दिवशी लशीला तयार होईल. पहिल्याला तेरावा दिवस उजाडेल. एकाच गाडीतून आलेल्या पिल्लांत असा दहा दिवसांचा फरक असू शकतो, कारण ती वेगवेगळ्या वयाच्या मातृपक्ष्यांची असतात. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत थोड्या पिल्लांचे रक्त तपासून लशीचा दिवस काढण्याची पद्धत आहे. त्यासाठीचे गणिती सूत्र नेदरलँड्समधील डेव्हेंटर या शहराच्या नावाने ओळखले जाते. आपल्याकडे सर्रास बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पहिली मात्रा आणि गरज असेल तिथे आठ-दहा दिवसांनी दुसरी देतात. तो सरासरीवर बेतलेला अंदाज आहे. प्रत्येक लॉटला तो चपखल बसेलच, असे नाही.

दुसरा पेच लशीच्या ताकदीचा. या लशीतील विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. फार दुबळा असेल, तर आईच्या प्रतिपिंडांपुढे टिकत नाही. जोमदार असेल, तर टिकतो, पण तोही बर्सातच वाढतो आणि तिला काही प्रमाणात दुखावतो. म्हणून लशीची परीक्षा फक्त रक्तातील प्रतिपिंडे मोजून होत नाही. लस दिलेल्या पक्ष्यांची बर्सा काढून तिचे शरीराच्या मानाने वजन पाहतात, तिचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची किती पडझड झाली, याला गुण देतात. प्रतिपिंडे भरपूर, पण बर्सा उजाड, अशी लस कामाची नाही. संरक्षण किती मिळाले आणि त्यासाठी ऊतकाची किती किंमत मोजली, हे दोन्ही एकाच पानावर मांडावे लागते.

नव्या लशी हा पेच वेगळ्या वाटेने सोडवतात. एका प्रकारात लशीच्या विषाणूला आधीच प्रतिपिंडांचे कवच चढवलेले असते. पिल्लाची शिदोरी आटली की तो आपोआप कामाला लागतो. दुसऱ्या प्रकारात टर्कीच्या एका निरुपद्रवी विषाणूत गंबोरोचा एकच जनुक बसवलेला असतो. ही लस हॅचरीतच अंड्यात किंवा एक दिवसाच्या पिल्लाच्या मानेत टोचतात. ती बर्साला धक्का लावत नाही आणि आईच्या प्रतिपिंडांचाही तिला फारसा अडथळा होत नाही. मात्र तिचे पूर्ण संरक्षण उभे राहायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर शिदोरी आणि शेडची स्वच्छता यांवरच भिस्त.

शेडमधला चिवट पाहुणा

स्वच्छता म्हणणे सोपे, पण हा विषाणू विलक्षण चिवट आहे. त्याला बाहेरचे स्निग्ध आवरण नसल्याने साबण आणि अनेक साधी जंतुनाशके त्याच्यावर चालत नाहीत. ५६ अंश सेल्सिअस तापमानात तो पाच तास टिकल्याची नोंद आहे. रिकाम्या केलेल्या शेडमध्ये तो चार महिने तग धरू शकतो. तुसात राहणारे छोटे काळे भुंगेही त्याला एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये पोहोचवतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जुने तूस पूर्ण उचलायचे आणि शेडपासून दूर न्यायचे. मग भिंती, जमीन, भांडी घासून धुवायची. ती वाळली की फॉर्मॅलिन किंवा आयोडीनयुक्त जंतुनाशक, तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि नाका-डोळ्यांची काळजी घेऊन. विष्ठेच्या थरावर जंतुनाशक फवारणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लस पाण्यातून देतानाही चुका होतात. क्लोरिनचे पाणी लशीतील विषाणूला मारते. म्हणून साधे, स्वच्छ, गार पाणी घ्यायचे आणि त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची. पक्ष्यांना आधी तास-दोन तास तहानलेले ठेवायचे, म्हणजे लशीचे पाणी दोन तासांच्या आत संपते. उन्हाळ्यात हे पहाटेच करायचे. लस दुकानापासून शेडपर्यंत बर्फातच यायला हवी. दुचाकीच्या डिकीत तापलेली कुपी ही नुसती बाटली असते.

शंका आली, तर अंदाजाने औषध देण्यापेक्षा ताजे मेलेले दोन-तीन पक्षी तपासून घेणे स्वस्त पडते. शिरवळला, सातारा जिल्ह्यातच, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. येडेमच्छिंद्रच्या ज्या क्रांतिसिंहांनी सातारा आणि सांगली एक जिल्हा असताना प्रतिसरकार चालवले, त्यांचेच नाव त्याला दिले आहे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. चौथ्या दिवसाची सुजलेली बर्सा आणि आठव्या दिवसाची आक्रसलेली बर्सा यांतला फरक ओळखणारी नजर शेतकऱ्याचे पुढचे अनेक खर्च वाचवते.

पुढच्या लॉटची पिल्ले उतरवून घेताना आपण सहसा नग मोजतो आणि लंगडी बाजूला काढतो. तेव्हा सुपरवायझरला आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: या पिल्लांच्या मातृपक्ष्यांना गंबोरोची लस दिली होती का? आणि हॅचरीत पिल्लांना कोणती लस टोचली आहे? उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. चौथ्या आठवड्यात मरतुकीचा आकडा लिहिण्याची वेळ आलीच, तर त्या आकड्याचा अर्थ लावायला हेच पान उपयोगी पडेल.